अजरखपूर : लपवून न ठेवलेल्या हुन्नराची गोष्ट

पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही हस्तकला प्रदर्शनात गेलात तर एक कापड हमखास दिसतं. गडद निळी आणि विटकरी लाल जमीन, त्यावर काळ्या-पांढऱ्या रेघांची चांदण्या-फुलांची नक्षी, आणि सगळी नक्षी भूमितीच्या वहीत आखल्यासारखी नेमकी. दुकानदार सांगतो, "अजरख आहे, कच्छची." गेल्या काही वर्षांत या कापडाचे कुर्ते, साड्या आणि दुपट्टे मराठी मध्यमवर्गाच्या कपाटात जाऊन बसले आहेत. ते छापतं कोण, ही चौकशी मात्र फारशी होत नाही. केलीच तर 'तिकडचे आदिवासी' असं ढोबळ उत्तर मिळतं. हे उत्तर चुकीचं आहे. कच्छमध्ये अजरख छापण्याचा धंदा पिढ्यान् पिढ्या खत्री समाजाच्या हातात राहिला आहे आणि हे खत्री मुसलमान आहेत.

मुस्लीम कारागिराबद्दल आपल्याकडे दोन ठरलेल्या गोष्टी सांगितल्या जातात. एक, तो गरीब आणि अशिक्षित आहे, त्याची कीव करा. दुसरी, त्याच्या कलेत गंगा-जमनी संस्कृती आहे, तिचं कौतुक करा. तो स्वतः काय विचार करतो, त्याचं ज्ञान एका पिढीकडून दुसरीकडे कसं जातं, संकटात त्यानं कोणते निर्णय घेतले, याला या दोन्ही गोष्टींत जागा नसते. धमडका आणि अजरखपूर या कच्छमधल्या दोन गावांचा इतिहास मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. तो माणसांनी विचारपूर्वक घेतलेल्या निर्णयांचा इतिहास आहे आणि त्यांतला सगळ्यात मोठा निर्णय हा होता : हाताला आलेला हुन्नर घरात दडवून ठेवायचा की वाटायचा?

सिंधहून आलेले रंगारी

अजरख हा शब्द अरबी 'अझरक', म्हणजे निळा, यावरून आला असं बहुतेक अभ्यासक मानतात. कच्छ-सिंधमध्ये 'आज रख', म्हणजे कापड आज राहू दे, उद्या बघू, अशीही एक फोड गमतीनं सांगतात. भाषाशास्त्र ती मान्य करणार नाही. पण कामाचा संथपणा पाहिला की ती अगदीच टाकाऊ वाटत नाही.

खत्री समाज आपला इतिहास असा सांगतो : सोळाव्या-सतराव्या शतकाच्या सुमारास कच्छचा राजा पहिला राव भारमल यानं सिंधमधल्या रंगाऱ्यांना आपल्या राज्यात बोलावलं. भारमलाची कारकीर्द १५८६ ते १६३१ अशी आहे. आलेल्या कारागिरांना वस्तीसाठी जागा निवडायची मुभा मिळाली. त्यांनी सारण नदीकाठचं धमडका निवडलं, कारण छापलेलं कापड धुवायला वाहतं पाणी लागतं. ही कुटुंबं तेव्हा हिंदू होती. पुढच्या काही पिढ्यांत त्यांनी इस्लाम स्वीकारला. धर्म बदलला, धंदा तोच राहिला, आडनावही तेच राहिलं.

इथं मराठी वाचकाला एक ओळखीचा धागा सापडेल. आपल्याकडचा भावसार समाज परंपरेनं रंगारी आणि कापड छापणारा. त्यांची कुलदेवता हिंगलाज माता. परशुरामाच्या भीतीनं दोन राजपुत्र देवीला शरण गेले, तिनं त्यांना अभय दिलं आणि पोटापाण्यासाठी रंगकाम दिलं, अशी त्यांची कथा आहे. कच्छमधले हिंदू खत्री स्वतःला ब्रह्मक्षत्रिय म्हणवतात. त्यांचीही कुलदेवता हिंगलाजच आणि त्यांचीही कथा परशुरामापाशीच सुरू होते. या देवीचं मूळ ठाणं आज पाकिस्तानच्या बलुचिस्तानात आहे. पुण्या-सोलापूरचा भावसार, कच्छचा हिंदू खत्री आणि धमडक्याचा मुसलमान खत्री यांचं रक्ताचं नातं सिद्ध करायला मी बसलेलो नाही. पण धंद्याचं नातं तर समोर दिसतंच. निळीच्या पिंपात हात घालणाऱ्याचे हात कोपरापर्यंत निळे होतात, मग तो पूजा करो की नमाज पढो.

धमडक्याच्या खत्र्यांचे मुख्य गिऱ्हाईक होते कच्छ आणि बन्नीतले मालधारी, म्हणजे गुरं-उंट पाळणारे लोक. त्यांत मुसलमान मालधारी पुरुष अजरख वापरत. कमरेला लुंगी, डोक्याला फेटा, खांद्यावर चादर, आणि प्रवासात त्याच कापडाचं गाठोडं. कुठलं कुटुंब कुठल्या रंगाऱ्याकडून कापड घेणार हेही बहुधा ठरलेलं असे. घरातले पुरुष कापड छापत आणि खत्री बायका बांधणीच्या गाठी बांधत. म्हणजे ज्याला आपण आज 'कला' म्हणतो तो त्या मुलखातला रोजचा व्यवहार होता.

एका कापडामागचं गणित

अजरख समजून घ्यायची असेल तर ती कशी होते हे थोडं तपशिलात पाहिलं पाहिजे. कारण या हुन्नराचं स्वरूपच असं आहे की तो एका डोक्यात मावत नाही.

कोरं कापड आधी धुऊन त्यातली खळ काढतात. मग एरंडेल, खार आणि उंटाची लीद यांच्या मिश्रणात ते भिजवतात, वाळवतात, पुन्हा भिजवतात. याला 'साज' म्हणतात. त्यानंतर हिरड्याचं पाणी. आपल्या सह्याद्रीत जुन्नर-आंबेगावचे महादेव कोळी जो हिरडा गोळा करतात, तेच हे फळ. हिरड्यातल्या तुरट द्रव्यामुळे कापड पिवळट होतं आणि पुढचे रंग धरायला तयार होतं.

आता ठसे येतात. ते लाकडी, बहुतेक सागवानी. गांधीनगरजवळचं पेथापूर हे ठसे कोरणाऱ्यांचं जुनं गाव आहे. एका नक्षीला एक ठसा पुरत नाही. रेघांचा वेगळा, काळ्याचा वेगळा, आतल्या भरावाचा वेगळा आणि तिन्ही एकमेकांवर केसभरही न सरकता बसले पाहिजेत. पहिला ठसा चुना आणि बाभळीच्या डिंकाच्या खळीचा. जिथं ती बसते तिथं पुढचा रंग चढत नाही आणि त्याच अखेर पांढऱ्या रेघा म्हणून उरतात. दुसरा ठसा काळ्याचा. भंगार लोखंड आणि गूळ पाण्यात कितीतरी दिवस आंबवतात आणि त्या पाण्यात चिंचोक्याचं पीठ शिजवून दाट करतात. लोखंड आणि हिरडा एकत्र आले की काळा रंग उमटतो. तिसरा ठसा माती, तुरटी आणि डिंकाचा. त्यावर लगेच लाकडाचा भुसा भुरभुरतात, म्हणजे ओली खळ पसरत नाही.

मग कापड निळीच्या पिंपात जातं. नीळ साध्या पाण्यात विरघळत नाही. खाऱ्या पाण्यात आंबवून पिंपातला प्राणवायू संपवला की ती विरघळते. पिंपातून बाहेर येतं तेव्हा कापड हिरवट असतं. हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होतं. पिंप 'जिवंत' आहे की नाही हे रंगारी वासावरून आणि वर आलेल्या फेसावरून ओळखतो. त्यानंतर वाहत्या पाण्यात धुणं आणि शेवटी मंजिष्ठेसारख्या लाल रंगाच्या मुळांच्या किंवा अलिझरिनच्या उकळत्या पाण्यात शिजवणं. गंमत अशी की कढईतला रंग एकच असतो, पण तुरटी लागलेल्या जागी तो लाल उतरतो, लोखंड लागलेल्या जागी काळा पक्का होतो आणि चुना-डिंकाच्या जागी चढतच नाही. उत्तम प्रतीच्या अजरखेत हे सगळं कापडाच्या दोन्ही बाजूंनी करतात. त्याला 'बिपुरी' म्हणतात. मागची नक्षी पुढच्या नक्षीवर तंतोतंत बसली पाहिजे, कारण फेट्याला उलट-सुलट नसतं.

हे रसायनशास्त्र कुठल्या प्रयोगशाळेत लिहिलं गेलं नाही. ते पोरांनी बापाच्या, चुलत्याच्या शेजारी उभं राहून शिकलं. आणि यातल्या कुठल्याही एका टप्प्याचं ज्ञान हरवलं तर बाकी सगळे टप्पे निकामी होतात.

फुस्तातच्या चिंध्या आणि चीटसाजांचा ग्रंथ

हा हुन्नर किती जुना? मोहेंजोदडोच्या प्रसिद्ध पुरोहित-मूर्तीच्या शालीवर तीन पाकळ्यांची नक्षी आहे. तीच अजरखेची आद्य नक्षी, असं अभिमानानं सांगितलं जातं. हे सिद्ध करणं अवघड आहे. पण कापडावर ठसे उमटवून ते परदेशी पाठवण्याचा भक्कम पुरावा मध्ययुगापासून मिळतो, तोही इजिप्तमध्ये. कैरोजवळच्या फुस्तात या जुन्या शहराच्या उकिरड्यांत आणि कबरींत भारतीय छापील सुती कापडाचे तुकडे मोठ्या संख्येनं सापडले. ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात असे बाराशेवर तुकडे आहेत. रूथ बार्न्स यांनी त्यांचा सविस्तर अभ्यास केला. त्यांतले काही दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत मागे जातात. बरेचसे गुजरातचे आहेत आणि निळ्या-लाल रंगांची, चुना-तुरटीच्या युक्तीची तीच भाषा बोलतात. अशीच गुजराती कापडं इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर तोराजा लोकांनी पवित्र वस्तू म्हणून शतकानुशतकं जपली.

फुस्तातच्या कापडात मला एक गोष्ट विशेष वाटते. ती राजाची वस्त्रं नाहीत. वापरून, फाडून, शिवून, पुन्हा वापरून फेकलेल्या चिंध्या आहेत. म्हणजे हजार वर्षांपूर्वी नाईलच्या काठचा साधा माणूस गुजरातच्या रंगाऱ्याचं कापड अंगावर घालत होता. इतक्या दूर इतका माल जायचा तर तो एका घरातून जाणं शक्यच नव्हतं. शेकडो हात तोच हुन्नर जाणत असले पाहिजेत.

छापील कापडाला मराठीत 'चीट' म्हणतात. आपल्या आज्या-पणज्यांच्या बोलण्यात चिटाची चोळी असे. हा शब्द फारसीतही आहे आणि फारसीत चीटसाजांचा, म्हणजे ठशांनी कापड छापणाऱ्यांचा, एक फुतुव्वतनामाही आहे. इराण आणि मध्य आशियातल्या कारागिरांच्या संघटनांमध्ये असे छोटे ग्रंथ प्रचलित होते. फुतुव्वत किंवा जवानमर्दी म्हणजे दिलदारपणाची, शब्द पाळण्याची, दुसऱ्याला आधी देण्याची आचारसंहिता. चीटसाजांच्या ग्रंथावर फ्रेंच अभ्यासक हेन्री कोर्बँ यांनी गेल्या शतकात लिहिलं आणि तो बाहेरच्या जगाला माहीत झाला. अशा ग्रंथांत धंदा कुणाकडून आला याची उस्तादांची साखळी असते आणि कारागिरानं कसं वागावं याचे नियमही असतात. हात आणि नियत एकत्रच शिकवायचे, असा त्यामागचा विचार.

कच्छच्या खत्र्यांनी हा ग्रंथ वाचला होता असं मी म्हणत नाही. पण ठसा उचलणाऱ्या माणसाकडून केवळ कौशल्याची नव्हे, दानतीचीही अपेक्षा करणारी एक परंपरा मुस्लीम जगात होती, हे लक्षात घेतलं पाहिजे. माणूस मेल्यावरही त्याच्या नावे पुण्य जमा करणाऱ्या गोष्टींत इस्लामी परंपरा चालू राहणारा सदका आणि लोकांच्या उपयोगी पडणारं ज्ञान, दोन्ही मोजते. पैशाची जकात वर्षाला अडीच टक्के. ज्ञानाची जकात म्हणजे ते शिकवणं.

जर्मनीतला लाल रंग

१८६८ मध्ये ग्रेब आणि लीबरमान या दोन जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांतलं लाल द्रव्य, अलिझरिन, कोळशाच्या डांबरापासून तयार केलं. १८९७ मध्ये बीएएसएफ या जर्मन कंपनीनं कृत्रिम नीळ बाजारात आणली. या दोन तारखांनी जगभरच्या रंगाऱ्यांचं आणि रंगाची पिकं घेणाऱ्यांचं आयुष्य बदललं. आपल्याकडे वऱ्हाड-खानदेशात लाल रंगासाठी 'आल'ची लागवड होत असे, तीही या स्पर्धेत संपली. आज आल हा शब्द ऐकला तर बहुतेकांना चहातलं आलं आठवेल.

कच्छ आडवाटेला असल्यामुळे तिथं बदल उशिरा पोचला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मात्र धमडक्यातही डब्यातले रंग सर्रास वापरात आले. काम सोपं झालं. आठवड्यांचं काम दिवसांवर आलं. त्याच वेळी मालधाऱ्यांनी गिरणीचं आणि मग पॉलिस्टरचं स्वस्त कापड घ्यायला सुरुवात केली. १९४७ नंतर सिंध परदेश झाला, सोयरीक आणि बाजारपेठ दोन्ही तुटली. हाताशी रंग सोपा, पण घ्यायला माणूस नाही, अशी अवस्था आली. एका पिढीत नैसर्गिक रंगांचं बरंचसं ज्ञान विसरलं गेलं.

ते परत आणण्यात धमडक्याचे मोहम्मद सिद्दीक खत्री यांचं नाव सगळ्यात आधी घ्यावं लागतं. १९७० च्या दशकात त्यांनी नैसर्गिक रंगांची जुनी पद्धत पुन्हा उभी केली आणि रझाक, इस्माईल, जब्बार या आपल्या तीन मुलांना शिकवली. गुजरात सरकारच्या हस्तकला महामंडळाच्या 'गुर्जरी' या दुकानांनी त्या काळात नवी शहरी बाजारपेठ दाखवली. मालधाऱ्याची लुंगी आता अहमदाबाद-मुंबईच्या बाईची साडी आणि घरातली चादर होऊ लागली. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेचे विद्यार्थी धमडक्यात येऊ लागले, नंतर परदेशी अभ्यासकही.

इथं निर्णयाचा क्षण होता. ज्या घरानं विसरलेली विद्या मेहनतीनं परत मिळवली, ते घर ती स्वतःपुरती ठेवू शकत होतं. बाजाराचं शहाणपण तेच सांगतं. पण या घरानं दार उघडं ठेवलं. भाऊबंदांनी, शेजाऱ्यांनी तीच पद्धत धरली आणि धमडक्यातली अनेक घरं नैसर्गिक रंगांकडे वळली. बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याला पिंपाजवळ उभं राहू दिलं गेलं. पुढे इस्माईल आणि जब्बार यांनी कॅनडापर्यंत जाऊन कार्यशाळा घेतल्या. २००३ मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टरच्या डी मॉन्टफर्ट विद्यापीठानं इस्माईल मोहम्मद खत्री यांना मानद डॉक्टरेट दिली. शाळेत फार न शिकलेल्या पिढीतल्या एका कारागिराला विद्यापीठानं डॉक्टर म्हटलं, ही बातमी आपल्या मराठी वर्तमानपत्रांत मोठ्या मथळ्यानं यायला हवी होती.

२६ जानेवारी २००१

सकाळी पावणेनऊच्या सुमारास, देशभर झेंडावंदनं चालू असताना, भचाऊजवळ जमीन हादरली. ७.७ तीव्रतेचा भूकंप. मृतांचा अधिकृत आकडा साडेतेरा हजारांच्या पुढे गेला. भूज आणि भचाऊ यांच्या मधल्या पट्ट्यात असलेलं धमडका जवळजवळ जमीनदोस्त झालं. घरं पडली, कारखाने पडले, माणसं गेली. पिढ्यांनी जमवलेले ठसे ढिगाऱ्याखाली गाडले गेले.

दुसरं संकट पाण्याचं होतं. सारण नदी आधीच आटली होती, विहिरी खोल गेल्या होत्या. भूकंपानंतर पाण्यात लोहाचं प्रमाण वाढल्याचं कारागिरांच्या ध्यानात आलं. वर दिलेलं गणित आठवा. हिरडा लागलेल्या कापडाला लोखंड लागलं की ते काळवंडतं. घर पुन्हा बांधता येतं, पण पाणीच बिघडलं तर रंगाऱ्यानं काय करायचं?

जमातीनं एकत्र बसून विचार केला. अनेक कुटुंबांनी नवं गाव वसवायचं ठरवलं. भूजच्या पूर्वेला साधारण पंधरा किलोमीटरवर, चांगल्या पाण्याचा अंदाज घेऊन जागा निवडली गेली. गावाचं नाव राजाचं नाही, पुढाऱ्याचं नाही, पिराचंही नाही. कापडाचं नाव गावाला दिलं : अजरखपूर. सगळे गेले नाहीत. काही कुटुंबं धमडक्यातच राहिली आणि तिथंही छपाई पुन्हा उभी राहिली. आज दोन्ही गावं काम करतात.

मदत आली, देशातून आली, परदेशातूनही आली. व्हँकूवरच्या मैवा फाउंडेशनसारख्या संस्था, ज्यांचं या कारागिरांशी कापडामुळे आधीपासून नातं होतं, त्या पुढे आल्या. भूकंपानंतर कच्छमध्ये मदतीच्या रांगा सगळीकडेच लागल्या होत्या. पण खत्र्यांच्या बाबतीत मला एक फरक दिसतो. त्यांना मदत करणाऱ्यांपैकी कित्येकजण कधीतरी त्यांच्याकडे शिकायला येऊन गेलेले होते, किंवा शिकून गेलेल्यांच्या ओळखीचे होते. वीस-पंचवीस वर्षं जे मोकळ्या हातानं वाटलं होतं ते अडचणीच्या वेळी अशा वाटेनं परत आलं. आणि हुन्नरही एकाच छपराखाली नव्हता. एका घराचे ठसे गाडले गेले तरी कृती दहा घरांच्या हातात होती. विद्या एका घराचं गुपित राहिली असती तर ते एक घर कोसळताच सगळं संपलं असतं.

पुढे याच अनुभवातून शिकवण्याची व्यवस्थाही उभी राहिली. २००५ मध्ये अमेरिकन अभ्यासक जुडी फ्रेटर यांनी कच्छमध्ये कलारक्षा विद्यालय सुरू केलं. पारंपरिक कारागिरांना रंगसंगती, मांडणी, बाजार यांचं शिक्षण देणारी ही शाळा. नंतर २०१४ मध्ये त्यांच्याच पुढाकारानं सोमैया कला विद्या सुरू झाली. तिथं तरुण खत्री, विणकर, बांधणी करणारे एका वर्गात बसतात. या दुसऱ्या संस्थेला महाराष्ट्राची एक बाजू आहे. सोमैया समूहाचे संस्थापक करमशी जेठाभाई सोमैया हे कच्छी घराण्यातले, पण त्यांचा जन्म १९०२ साली नगर जिल्ह्यातल्या माळुंजरचा, आणि उद्योग उभा राहिला तो गोदावरी खोऱ्यातल्या साखरेवर. आपल्या मातीतल्या उसातून सुरू झालेल्या उद्योगाचं नाव आज कच्छच्या कारागिरांच्या शाळेवर आहे.

वाटण्याची किंमत

ही गोष्ट इथंच गोड शेवटावर थांबवणं सोपं आहे, पण ते प्रामाणिक होणार नाही. वाटण्याची किंमतही असते.

अजरखेची नक्षी लोकप्रिय झाली आणि यंत्रावर छापलेली 'अजरख' बाजारात लोटली. स्क्रीनवर, डिजिटल यंत्रावर, रासायनिक रंगात. नक्षी तीच, किंमत कितीतरी कमी. दादरच्या फुटपाथवर जे 'अजरख' म्हणून मिळतं त्यातल्या बहुतेकाला लाकडाचा ठसा कधी लागलेला नसतो. २०२४ मध्ये कच्छी अजरखेला भौगोलिक निर्देशांक मिळाला. आता नावाचा गैरवापर करणाऱ्याविरुद्ध कायद्याचा आधार आहे. पण कायदा बजावायला वेळ, वकील आणि पैसा लागतो, आणि कारागिराकडे तिन्ही कमी असतात.

मग दार उघडं ठेवलं ही चूक झाली का? मला तसं वाटत नाही. ज्यांनी नक्कल केली ते पिंपाजवळ उभं राहून काही शिकले नव्हते. त्यांनी फक्त नक्षीचा फोटो उचलला. नक्षी चोरायला शिकावं लागत नाही. हुन्नर घ्यायला मात्र वर्षं द्यावी लागतात आणि ज्यानं ती दिली तो सहसा चोर होत नाही. नकलेचा धोका शिकवण्यातून आलेला नाही, विचारपूस न करता विकत घेण्यातून आलेला आहे.

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे आणि तो समाजाच्या आतला आहे. मागणी वाढली तशी खत्री कारखान्यांत बाहेरची माणसं कामाला आली. आज कितीतरी ठिकाणी ठसा मारणारा हात खत्र्याचा नसतो. तो इतर जातींचा, इतर धर्मांचा, रोजावर काम करणारा कारागीर असतो. वर्षानुवर्षं काम करून त्याचा हातही तितकाच सफाईदार होतो. कापडावर मात्र नाव मालकाचं लागतं. जी विद्या परदेशी विद्यार्थ्याला आनंदानं शिकवली गेली, ती शेजारच्या गावच्या मजुराला 'उस्ताद' म्हणवून घेण्याइतकी मिळणार का? जात आणि बिरादरीचा प्रश्न मुसलमानांत नाही, असं आपण सोयीनं म्हणतो. तो आहे. अजरखेच्या कापडातही आहे. ज्या समाजानं इतकं वाटलं त्याच्याकडून हीसुद्धा अपेक्षा करावी, एवढा त्यांनी आपला विश्वास मिळवलेला आहे.

तिसरी गोष्ट सीमेची. सिंधमध्ये आजही अजरक छापली जाते. ती तिथली ओळख आहे. पाहुण्याच्या, वडीलधाऱ्याच्या खांद्यावर ती आदरानं घालतात, जशी आपल्याकडे शाल. कराचीच्या नूरजहाँ बिलग्रामी यांनी १९९० मध्ये सिंधच्या अजरकेवर मोठं पुस्तक केलं. तेच चुना-डिंक, तीच नीळ, तेच ठसे. राजस्थानच्या बाडमेरमध्येही खत्री रंगारी हेच काम करतात, आणि ते हिंदू आहेत. एकच कृती तीन ठिकाणी, दोन देशांत, दोन धर्मांत जिवंत आहे. पण धमडक्याच्या रंगाऱ्याला व्हँकूवरला जाऊन शिकवणं जितकं सोपं, तितकं अडीचशे-तीनशे किलोमीटरवरच्या सिंधी उस्तादाच्या पिंपात डोकावणं सोपं राहिलेलं नाही. ज्ञान वाटायची तयारी असलेल्या दोन माणसांच्या मध्ये कुंपण आलं की नुकसान कापडाचंही होतं.

हा सगळा इतिहास वाचताना मला आपल्या मुस्लीम समाजातल्या शिक्षणाच्या चर्चा आठवत होत्या. शाळा हव्यात, पदव्या हव्यात, आरक्षण हवं, हे सगळं खरं आहे आणि त्यासाठी भांडलंच पाहिजे. पण मालेगाव-भिवंडीच्या मागावर, सोलापूर-औरंगाबादच्या गल्ल्यांत जे ज्ञान हातांत साठलेलं आहे, ते ज्ञान आहे हेच आपण स्वतः कबूल करत नाही. बाप पोराला म्हणतो, "मी केलं ते तू करू नकोस." त्याची व्यथा मला कळते. मजुरीच इतकी कमी असते की दुसरं काय म्हणणार? धमडक्याच्या खत्र्यांचं वेगळेपण इतकंच की त्यांनी त्या कामाला विद्या म्हटलं, ती शिकवली आणि शिकवताना मिळालेल्या माणसांना जपलं. पुढच्या वेळी कुणी तुमच्यासमोर अजरख उलगडली तर ती उलटून पाहा. ठशांचे सांधे कुठं जुळतात ते शोधा. आणि किंमत विचारण्याआधी छापणाऱ्याचं नाव विचारा. दुकानदाराला ते माहीत नसेल, तर त्यानंही ते विचारून घ्यावं.